वय झालं, हे निदान नव्हे

घरातल्या म्हाताऱ्या माणसाला जेवताना ठसका लागू लागला, छातीशी घास अडकू लागला, रात्री घशाशी आंबट येऊ लागलं, की चारचौघांकडून ठरलेली उत्तरं मिळतात. एक म्हणतो, ‘वय झालं, चालायचंच.’ दुसरा म्हणतो, ‘पित्त आहे, मेडिकलमधून गोळी आणा.’ अलीकडे तिसराही एक पंथ निघाला आहे. त्याचं म्हणणं असं, की साठीनंतर पोटातलं आम्ल कमी होतं आणि जळजळ त्यामुळेच होते, म्हणून जेवणाआधी पाण्यातून चमचाभर व्हिनेगर घ्यावं. तिन्ही पंथांचे लोक प्रेमाने बोलतात, हे मान्य. पण तिघांचंही चुकतं, आणि या चुकीची किंमत तो म्हातारा माणूस मोजतो.

माझं म्हणणं थोडक्यात असं. वय वाढताना बिघडते ती प्रामुख्याने अन्न वरून खाली नेणारी आणि खाली गेलेलं खाली ठेवणारी स्नायूंची आणि मज्जातंतूंची यंत्रणा. आम्ल वाढलं की घटलं, हा वाद त्या मानाने गौण आहे. आणि यंत्रणेतला हा बिघाडही दरवेळी वयाच्या माथी मारता येत नाही. त्यातला बराचसा भाग आजारांचा असतो, बराचसा आपणच दिलेल्या औषधांचा असतो, आणि काही भाग तर व्यायामाने भरून निघणारा असतो.

आधी आम्लाचा निकाल लावू. वयाबरोबर पित्त वाढतं, ही समजूत इतकी घट्ट बसली आहे की ती कुणी तपासून पाहिली असेल, असंही आपल्या मनात येत नाही. ती तपासली गेली आहे. १९९७ साली अमेरिकेत पासष्टीपुढच्या सुमारे अडीचशे स्त्रीपुरुषांची जठरातली आम्लता मोजण्यात आली. त्यांच्यापैकी जवळजवळ नव्वद टक्के लोकांचं जठर नीट आम्ल तयार करत होतं. म्हणजे दुसऱ्या पंथाचं ‘वाढतं’ही नाही आणि तिसऱ्याचं ‘घटतं’ही सरसकट नाही. ज्यांचं आम्ल खरोखर घटतं, त्यांच्या जठराचं अस्तर झिजलेलं असतं, आणि त्यामागे बहुतेकदा हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूचा जुना संसर्ग असतो. आपल्याकडे हा संसर्ग मुबलक आहे. तो शोधता येतो आणि औषधांनी बराही करता येतो. त्यावर व्हिनेगर हा इलाज नाही. आणि अन्ननलिका आधीच सोललेली असेल, तर तिच्यावरून रोज ॲसेटिक ॲसिड नेणं याला आरोग्याची काळजी म्हणणं मला जमत नाही.

‘पण आमच्या आजोबांना जळजळ होतच नाही,’ असं कुणी सांगितलं, तर मी उलट जास्त सावध होतो. २००४ साली अन्ननलिकेला जखमा झालेल्या सुमारे १२ हजार रुग्णांची माहिती वयोगटांनुसार मांडली गेली. एकविशीच्या आतल्या रुग्णांमध्ये तीव्र स्वरूपाच्या जखमा १२ टक्क्यांना होत्या, सत्तरीपुढच्यांमध्ये ३७ टक्क्यांना. तीव्र जळजळीची तक्रार मात्र नेमकी उलटी. तरुणांमध्ये ८२ टक्के, सत्तरीपुढे ३४ टक्के. वयाबरोबर जखम वाढते आणि वेदना कमी होते. अन्ननलिकेची संवेदना बोथट झालेली असते. त्यामुळे म्हातारा माणूस ‘जळतंय’ असं म्हणत नाही. तो म्हणतो की भूक नाही, सकाळी घसा बसतो, रात्री खोकल्याची ढास लागते, भाकरी नको वाटते. आपण त्याला हट्टी ठरवतो. (आणि कधी तो ‘जळतंय’ म्हणालाच, नेहमीपेक्षा वेगळ्या तऱ्हेने, घाम फुटून किंवा दम लागून, तर अँटासिडची बाटली शोधण्याआधी त्याचा ईसीजी काढा. हृदयविकाराचा झटका म्हातारपणी, त्यातही मधुमेह असेल तर, ॲसिडिटीचं सोंग घेऊन येतो.)

आता मूळ यंत्रणेकडे येऊ. तिच्याकडे कुणी बघत नाही, कारण ती आयुष्यभर न बोलता काम करते. दिवसाकाठी पाचसहाशे वेळा आपण गिळतो, बहुतेक वेळा नुसती लाळच. प्रत्येक वेळी जीभ घास मागे ढकलते, मऊ टाळू वर उचलली जाऊन नाकाची वाट बंद करते, कंठमणी वर आणि पुढे सरकतो, स्वररज्जू जवळ येऊन श्वासनलिका बंद होते, श्वास क्षणभर थांबतो, आणि अन्ननलिकेच्या तोंडाशी एरवी आवळलेला असणारा स्नायू सैल पडतो. घशातला हा सगळा प्रकार साधारण सेकंदाभरात उरकतो. त्यात पंचवीसहून अधिक स्नायूंच्या जोड्या आणि मेंदूतून निघणाऱ्या पाच मज्जातंतूंच्या जोड्या राबतात. पुढे अन्ननलिकेची, म्हणजे सुमारे २५ सेंटिमीटर लांबीच्या नळीची, एक लाट घासाला आठदहा सेकंदांत जठरापर्यंत नेते. तिथे खालची झडप उघडते आणि पुन्हा मिटते.

या प्रत्येक टप्प्यावर वयाचा हात फिरतो, हे मी नाकारत नाही. जिभेचा जोर कमी होतो. गिळण्याची क्रिया सुरू व्हायला किंचित उशीर होतो, आणि तोवर घोट घशात बराच खाली उतरलेला असतो. अन्ननलिकेच्या भिंतीतल्या चेतापेशींची संख्या घटते. वर आलेलं आम्ल पुन्हा खाली ढकलणाऱ्या लाटा कमी उठतात. आम्ल निष्प्रभ करणारी लाळ तोंडात पुरेशी नसते. छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्यातून जठराचा भाग वर सरकण्याचं, म्हणजे हायटस हर्नियाचं, प्रमाण वयाबरोबर वाढतं, आणि पाठीला पोक आलेल्या बायकांमध्ये पोटावरचा दाबही वाढलेला असतो. या सगळ्याचा परिणाम असा, की वर आलेलं आम्ल वर रेंगाळतं. आम्ल तेवढंच असतं, मुक्काम वाढतो.

पण हे सगळं होऊनही निरोगी म्हातारा माणूस गिळतो आणि नीट गिळतो, ही गोष्ट ‘चालायचंच’वाले विसरतात. निसर्गाने गिळण्याच्या स्नायूंना गरजेपेक्षा बरीच जास्त ताकद दिलेली असते. वय ती राखीव ताकद खातं. कणगी अर्धी झाली म्हणून घरात उपास पडत नाही. उपास पडतो तो त्यावर दुष्काळ आला की. न्यूमोनियाने महिनाभर अंथरुणावर पडणं, पक्षाघाताचा झटका, कंपवात, झपाट्याने उतरलेलं वजन, नवं औषध, यांपैकी काहीतरी घडतं आणि मग घास अडकू लागतो. वैद्यकशास्त्र या दोन अवस्थांना वेगवेगळी नावं देतं. वयाने मंदावलेलं गिळणं वेगळं आणि बिघडलेलं गिळणं वेगळं. पहिल्यात तक्रार नसते. तक्रार आहे, म्हणजे दुसरं काहीतरी घडलेलं आहे आणि ते शोधायला हवं.

‘वय’ या निदानाला वैद्यकाच्या इतिहासात एक भारदस्त पूर्वजही आहे. १९६४ साली अमेरिकेतल्या काही संशोधकांनी नव्वदी ओलांडलेल्या १५ जणांच्या अन्ननलिकेच्या हालचाली नोंदवल्या. लाटा विस्कळीत दिसल्या, खालची झडप नीट सैल पडत नव्हती. त्यांनी या अवस्थेला ‘प्रेसबायइसोफॅगस’, म्हणजे म्हातारी अन्ननलिका, असं नाव दिलं. नाव सोयीचं होतं, पटकन रुळलं. पण त्या पंधरा जणांपैकी अनेकांना मधुमेह, मज्जातंतूंचे विकार, स्मृतिभ्रंश असे आजार होते. म्हणजे तपासलं गेलं ते आजारपण आणि दोष लागला तो वयाला. दहा वर्षांनी, १९७४ साली, हॉलिस आणि कॅस्टेल या दोघांनी सत्तर ते सत्त्याऐंशी वयाच्या २१ निरोगी पुरुषांवर तीच मोजणी केली. सत्तरीतल्यांच्या लाटा तरुणांसारख्याच निघाल्या. ऐंशीपुढच्यांच्या लाटांचा जोर तेवढा कमी होता, विस्कळीतपणा नव्हता. आज जाणकार ते जुनं नाव टाळतात. आपल्या ओसरीवरून आणि दुर्दैवाने काही दवाखान्यांतूनही त्या नावामागची कल्पना मात्र हललेली नाही. ऐंशीतल्या बाईंनी ‘घास अडकतो’ म्हटलं, की समोरच्याचं लक्ष जन्मतारखेकडे जातं, घशाकडे जात नाही.

मग औषधांकडे या. इथे माझा खरा राग आहे. सत्तरीतल्या साध्या मध्यमवर्गीय माणसाच्या उशाशी गोळ्यांचा डबा असतो. छातीत दुखण्यावरच्या नायट्रेट गोळ्या, रक्तदाबाच्या काही गोळ्या, दम्यावरचं थिओफिलिन, यांनी अन्ननलिकेची खालची झडप सैल पडते. सारखी लघवी होऊ नये म्हणून दिलेली काही औषधं, सर्दीच्या जुन्या गोळ्या, नैराश्यावरच्या काही गोळ्या लाळ सुकवतात. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून आठवड्यातून एकदा घ्यायची ॲलेन्ड्रोनेटची गोळी पेलाभर पाण्याबरोबर, उभं राहून किंवा ताठ बसून घ्यायची असते आणि पुढचा अर्धा तास आडवं व्हायचं नसतं. पण आपल्याकडे ती घोटभर पाण्यावर, पलंगाच्या कडेला बसून घेतली जाते. गोळी अन्ननलिकेला चिकटते आणि तिथे भोक पाडावं तशी जखम करते. डॉक्सिसायक्लिन, पोटॅशियमच्या, लोहाच्या, दुखण्यावरच्या गोळ्याही हेच करतात. मग छातीत दुखतं. मग ‘पित्त झालं’ म्हणून आणखी एक गोळी डब्यात वाढते.

ही वाढलेली गोळी कोणती, तेही पाहा. आम्ल दाबणाऱ्या ओमेप्राझोलच्या कुळातल्या गोळ्या १९८८पासून बाजारात आहेत, आणि त्या उत्तम आहेत, याबद्दल माझी तक्रार नाही. ज्यांच्या अन्ननलिकेला खोल जखमा आहेत, ज्यांना रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या एकदम चालू आहेत, त्यांना त्या हव्यातच. अशा माणसांनी कुणाचा तरी ‘गोळ्या म्हणजे विष’ असा संदेश वाचून त्या परस्पर बंद करणं हा आणखी एक मूर्खपणा होईल. पण ही गोळी जठरातलं वर येणं थांबवत नाही. वर येणाऱ्याचा आंबटपणा तेवढा कमी करते. गिळणं सुधारण्याशी तिचा संबंध नाही. घास श्वासनलिकेत जात असेल, तर तो या गोळीनंतरही तिथेच जाणार. वर्षानुवर्षं विनाकारण घेतल्यास ब-१२ जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियम घटणं, हाडं मोडणं, आतड्यांचे संसर्ग यांच्याशी तिचा संबंध नोंदला गेला आहे. म्हणूनच अमेरिकेतल्या वृद्धवैद्यकाच्या तज्ज्ञांची सूची ठोस कारण नसताना ती आठ आठवड्यांपुढे देऊ नका म्हणते. आपल्याकडे कितीतरी घरांत ती वर्षानुवर्षं चालू असते, आणि कुणी सुरू केली, हे कुणालाच आठवत नाही.

त्याहून वाईट गोष्ट म्हणजे जोडगोळी. आम्लाच्या गोळीत डोम्पेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड मिसळलेल्या कॅप्सूल आपल्याकडे पाण्यासारख्या खपतात. डोम्पेरिडोनमुळे हृदयाची लय बिघडू शकते आणि साठीपुढच्या लोकांत हा धोका जास्त, म्हणून युरोपच्या औषध नियामकाने २०१४ साली त्यावर कडक मर्यादा घातल्या. लेव्होसल्पिराइड मेंदूतल्या डोपामिनचं काम अडवतं. म्हाताऱ्या माणसांत त्याने हातापायांना कंप, ताठरपणा, चेहऱ्यावरचे भाव हरवणं, अशी कंपवातासारखी लक्षणं उभी राहतात. आणि कंपवातात गिळणं बिघडतं. म्हणजे घास अडकतो म्हणून दिलेल्या गोळीने घास अडकण्याची नवी सोय करून ठेवायची. पुन्हा वर ‘वय झालं’ आहेच.

कुणी म्हणेल, ठीक आहे, पण स्नायू गेले ते गेले, ऐंशीव्या वर्षी त्यांचं काय करणार? याचं उत्तर अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात दोन ठिकाणी मिळालं आहे. मिलवॉकीचे रेझा शेकर यांनी १९९७ साली एक साधा व्यायाम मांडला. उताणं झोपायचं, खांदे न उचलता फक्त डोकं उचलून पायांच्या बोटांकडे पाहायचं, मिनिटभर तसंच धरायचं, सोडायचं, असं तीनदा. मग तीस वेळा उचल-ठेव. दिवसातून तीन वेळा, सहा आठवडे. त्यानंतर म्हाताऱ्या लोकांच्या अन्ननलिकेचं वरचं तोंड मोजण्याइतकं अधिक उघडू लागलं. २००२ साली त्यांनी ज्यांना नळीतून अन्न द्यावं लागत होतं, अशा रुग्णांवर तोच व्यायाम वापरला आणि ते पुन्हा तोंडाने खाऊ लागल्याचं नोंदवलं. मॅडिसनच्या जोॲन रॉबिन्स यांनी २००५ साली सत्तर ते एकोणनव्वद वयाच्या निरोगी लोकांकडून आठ आठवडे जीभ टाळूवर दाबण्याचा व्यायाम करून घेतला. जिभेचा जोर वाढला. म्हातारा स्नायू शिकतो, हे दंडाच्या बाबतीत आपण मान्य करतो, जिभेच्या बाबतीत का नाही? (मानेचे मणके झिजलेल्यांनी किंवा हृदयरोग्यांनी डोकं उचलण्याचा व्यायाम विचारल्याशिवाय करू नये, हे सांगायला हवं.)

जपानात वृद्धाश्रमांतून जेवणाआधी ‘पा-ता-का-रा’ ही अक्षरं मोठ्याने म्हणून घेतात, ओठ आणि जिभेची पुढची-मागची बाजू हलावी म्हणून. तिथेच हेही सिद्ध झालं, की वृद्धाश्रमातल्या लोकांचे दात, हिरड्या आणि कवळ्या नेमाने साफ केल्या तर न्यूमोनिया कमी होतो. १९९९ साली हे प्रसिद्ध झालं. कारण उघड आहे. झोपेत थोडी लाळ श्वासनलिकेत सगळ्यांचीच उतरते. ती लाळ किती घाण आहे, यावर पुढचं ठरतं. घसा बोथट झालेल्या माणसाला ठसकाही लागत नाही. घोट गुपचूप फुप्फुसात जातो आणि घरचे म्हणतात, ‘अचानक न्यूमोनिया झाला.’

आपल्याकडे काय चालतं? वरून पाणी पिण्याची आपली पद्धत स्वच्छतेच्या दृष्टीने कितीही चांगली असली, तरी मान मागे टाकून तोंडात धार सोडणं म्हणजे कमकुवत घशाच्या माणसाची श्वासनलिका उघडी ठेवून वर पाणी ओतणं. त्यांना पेल्याला ओठ लावून, हनुवटी किंचित खाली घेऊन, एकेक घोट प्यायला द्यावं. ‘घास अडकतो ना, मग सगळं पातळ करून द्या’ हा सल्ला तर जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू येतो. पण ठसका लागणाऱ्या घशाला सगळ्यांत अवघड असतं ते पाणीच, कारण ते घसा तयार व्हायच्या आत पळतं. दाटसर पेज, मऊ गुरगुट्या भात, घट्ट दही बऱ्याच जणांना पाण्यापेक्षा सोपं जातं. पातळ आमटीत कुस्करलेली पोळी वाईट, कारण तिथे दोन वेगळ्या वेगाच्या गोष्टी एकदम येतात. कोरडे पोहे, चुरमुरे, राजगिऱ्याचा भुसभुशीत लाडू यांचं तर बोलायलाच नको. नेमकं कुणाला काय द्यायचं, हे मात्र घशाची तपासणी करणाऱ्याने ठरवावं. मी किंवा शेजारच्या काकूंनी नव्हे. आडवं ठेवून चमच्याने भरवणं, टीव्हीवरची मालिका बघत भरवणं, घास तोंडात असताना ‘अजून एक चपाती वाढू का?’ असं विचारणं, हे सगळं बंद. जेवून लगेच वामकुक्षी नको, तीनेक तास जाऊ द्या. झोपताना मात्र डावी कूस खरंच बरी, कारण उजव्या कुशीवर वर येण्याचं प्रमाण वाढतं. उशांचा ढीग रचू नका, त्याने पोट दुमडतं. पलंगाचे डोक्याकडचे पायच वीतभर उचला.

ही तपासणी करतो कोण? स्पीच थेरपिस्ट. पुष्कळ लोकांना वाटतं, तो फक्त तोतऱ्या मुलांसाठी असतो. गिळणं हा त्याच्या शिक्षणाचा भाग आहे. मुंबईत नायर रुग्णालयाशी जोडलेल्या महाविद्यालयात आणि वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत हे तज्ज्ञ अनेक दशकं घडत आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणी ते कमी आहेत, ही खरी अडचण. पण मोठ्या शहरात राहणारी माणसंही त्यांच्याकडे पोहोचत नाहीत, कारण पाठवणाऱ्याला सुचत नाही.

काही लक्षणांवर तर कुणी चर्चाही करत बसू नये. साठीपुढे पहिल्यांदाच घास अडकू लागणं, आधी भाकरी, मग मऊ भात, मग पातळ असा अडथळा वाढत जाणं, वजन उतरणं, रक्त कमी होणं, काळी शौच, यांपैकी काहीही असेल तर दुर्बिणीची तपासणी करून घ्यायला हवी, गोळी बदलून महिनाभर वाट पाहायची नाही. तंबाखू आणि मिश्री लावणाऱ्या आपल्या पिढ्यांमध्ये अन्ननलिकेचा कर्करोग दुर्मीळ नाही, आणि ‘पित्तच असेल’ म्हणत घालवलेला काळ परत मिळत नाही.

आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना पुढच्या वेळी डॉक्टरांकडे नेताना सगळ्या गोळ्या, आयुर्वेदिक चूर्णांसकट, एका पिशवीत भरून न्या. ठसका पाण्याने लागतो की घासाने, जेवताना लागतो की झोपेत, अडकतं ते घशात की छातीत, हे नेमकं सांगा. आणि समोरच्याने तरीही ‘वय झालं’ एवढंच म्हटलं, तर अदबीने विचारा : ‘ते ठाऊक आहे, पण त्यांना झालंय काय?’